आबांच्या मशीनचा पासवर्ड

२ फेब्रुवारी, रविवार

आणि मशीनचे पैसे कुणाचे होते? माझे. हे आबा कधी सांगत नाहीत. अख्ख्या कळंबला सांगतात की पोरानं माझ्या धंद्याला भंगार म्हटलं, पण ते भंगार पोराच्याच पैशांतून घरात आलं हे तेवढं गिळतात. ओव्हरटाइम मारून मी पाठवले होते, न्हाणीघर बांधा म्हणून. यांनी पुण्याला जाऊन ब्लू-रेचं मशीन आणलं. का, तर चित्र स्वच्छ दिसतं. पडद्यावरच्या माणसाच्या कपाळावरचा घाम दिसतो म्हणे. आई अजून पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करते आणि आबा घाम बघतात.

ही डायरी सुपरवायझरनं दिली. कुठल्यातरी साखर कारखान्याची आहे, पहिल्या पानावर चेअरमनचा फोटो. नववीत शाळा सोडल्यापासून सहीशिवाय मी काही लिहिलेलं नाही. पण हितं युगांडात माझं ऐकणार कोण? नवीन कारखान्याची उभारणी चालली आहे, मी खलाशी, म्हणजे जड मशिनरी साखळदंडांनी उचलून जागेवर बसवणारा. गावचा शिवम पण माझ्याच टोळीत आहे. तो एकदा ऐकतो. दुसऱ्यांदा म्हणतो, "विक्या, कॅसेट बदल की आता."

आबांचा धंदा गावोगाव पिक्चर दाखवायचा. आधी सायकलवर टीव्ही आणि व्हीसीआर, मग सीडी, आता हे मशीन, प्रोजेक्टर आणि बारा फुटी पडदा. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला, गणपतीत, कुणाच्या हळदीला. पिक्चर सुरू व्हायच्या आधी आबा माईकवर बोलतात. निम्मे लोक पिक्चरपेक्षा त्या बोलण्यालाच येतात. कन्हेरीपासून इंदापूरपर्यंत आवाजावरनं माणूस ओळखतात.

मशीनला नेट जोडता येतं, पण रिमोटवरच्या त्या बटणावर आबांनी चिकटपट्टी लावली होती. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. डिसेंबरात सुट्टीवर गेलो तेव्हा ती पट्टी मी सोलली. नेट जोडलं, व्हिडिओच्या ॲपात माझं खातं घातलं. एका डिस्कच्या डब्यावर लिहिलं होतं की जादा भाग नेटवरून दिसतील. लावली. गोल फिरलं, फिरलं आणि म्हणालं, जोडणी होत नाही. आबा म्हणाले, "दुकान बंद करून गेला वाटतं तुझा नेटवाला." विहारापुढं पिक्चर बघायला बसलेली सगळी हसली. मला राग आला. म्हटलं, "हसा. वर्षभरात ह्या तुमच्या डिस्का भंगारवाला पण किलोवर घेणार न्हाय." आबा हसायचे थांबले. सगळ्यांपुढं म्हणालो, हे चुकलंच. पण त्यांनी वायर उपसली आणि निघायच्या दिवशी मला सोडायला वालचंदनगरच्या स्टँडवर आले नाहीत, ते बरोबर होतं का?

मी ठरवलंय. आबा स्वतः फोनवर आल्याशिवाय मी त्यांना बोलवा म्हणणार नाही. महिना झाला, आई आपणहूनच म्हणते, "बाहेर गेल्यात." जाऊ देत.

९ फेब्रुवारी, रविवार

काल जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर हिस्ट्रीत मी न बघितलेल्या गोष्टी. अ आ इ ई. फुग्याचं गाणं. सोमवार मंगळवार. सगळं लहान पोरांचं. म्हटलं खातं कुणी चोरलं.

शिवमला दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं, मग फोन परत दिला. "चोरतंय कोण? घरच्या मशीनमधी तुझंच खातं हाय. तितं लावलं की हितं दिसतंय."

म्हणजे आबांनी वायर परत जोडली! सोललेल्या बटणावर बोट ठेवलं! मी ऊस पिळायचा रोलर चढवताना शीळ घालत होतो. शिवमनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. पोट बिघडलंय म्हणाला.

१२ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला, प्रियदर्शनीला, फोन लावला. ती बारामतीला कॉलेजात जाते, संध्याकाळी सापडते.

"मशीनला नेट कुणी जोडलं?"

ती म्हणते, "तुला कसं कळलं?"

"मला हितं बसून सगळं दिसतंय. काल दुपारी बाराखडी लावलीवती."

"ते व्हय. शेजारचं लेकरू येतंय रे दादा. म्हाळसाकाकूंचं नातवंड."

"कोण, अविराज? तो सातवीत हाय. सातवीतलं पोरगं अ आ इ शिकतंय?"

"रेंज जातीय, ठेवते."

रेंज चांगली होती. मागं कुत्रं भुंकलेलं पण ऐकू आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता कळलं. रोज तेच. अ आ इ, मग वार, मग एक ते दहा, मग फुंकर मारून कागद उडवायचा, जीभ बाहेर काढायची, जीभ डावीकडं, जीभ उजवीकडं, गाल फुगवायचे. आपली अकरा वाजताची चहाची सुट्टी म्हणजे तिकडं दुपारचे दीड. तेव्हा हिस्ट्री उघडली की डोळ्यांदेखत एकेक वर येतं. एवढं वेळापत्रक घरात कधी कशाला नव्हतं.

प्रियानं बालवाडी काढलीय. माझ्या खोलीत. माझ्या रिचार्जवर. आणि तोतरी पोरं पण घेतलीत, नाहीतर जिभेचे व्यायाम कशाला? आईला बसवते पोरांपुढं आणि आपण कॉलेजला जाते. आणि आबा, ज्यांना नेट चालत नव्हतं, ते गप बसून बघतात. मुलीनं केलं की चालतं.

काढा ना बालवाडी! मी काय नको म्हटलं असतं? पण मला चोरून का? मी हितं साखळदंड ओढतो तो माणूस घरचा नाही का?

२३ फेब्रुवारी, रविवार

काल माझ्या हातून चूक झाली. रोलर वर टांगलेला, मी साखळीवर. डोक्यात बालवाडी. इशारा बघितला नाही आणि दोन कड्या जास्त सोडल्या. रोलर झुलला. खाली शिवम होता. तो उडी मारून बाजूला झाला म्हणून, नाहीतर नुसता चेंगरला असता.

त्यानं शिव्या द्यायला पाहिजे होत्या. दिल्या नाहीत. खाली बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "विक्या, घरात भांडू नगंस. आबांना तरास हुईल असलं काय करू नगंस."

"आबांना कसला त्रास? त्रास मला हाय."

तो काहीतरी बोलणार होता. सुपरवायझर आला.

२ मार्च, रविवार

आईला फोन. व्हिडिओवर ये म्हटलं. म्हणते, "कॅमेरा बिघडलाय." गेल्या वर्षी घेतलेला फोन.

"आई, खरं सांग, घरात पोरं गोळा करता का न्हाय?"

"कसली पोरं?"

"मग रोज बाराखडी कोण बघतं? तू शिकतीस व्हय?"

आई हसल्यासारखं करून म्हणाली, "व्हय, मीच शिकतीया. म्हातारपणी साहेबीण हुणार."

तेवढ्यात मागून आवाज आला. क. क. क. मग थांबून, जोर लावून, परत क. पुढचं काही येईना. आईनं घाईघाईनं फोनवर हात ठेवला, पण मी ऐकलं. एवढं मोठं पोरगं बालवाडीत कशाला घेतलंय कुणास ठाऊक. आवाज पार घोगरा. क म्हणता येईना.

मी म्हटलं, "ऐकू आलं मला. माझ्याशी खोटं बोलतेस."

आई म्हणाली, "आरं बाबा, तू तुझी तब्येत सांभाळ." आणि रडली. चोरी सापडली की बायका रडतात.

५ मार्च

केलं. फोनमध्ये आत आत गेलं की एक जागा आहे, तिथं तुमचं खातं कुठं कुठं चालू आहे ते दिसतं. माझा हा फोन आणि 'डिस्क प्लेअर, भारत'. त्याच्यापुढं बाहेर पडा असं लिहिलेलं. दाबलं. मग पासवर्ड पण बदलला. तीन हजार मैलांवरून बालवाडी बंद. एवढं सोपं असेल वाटलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत हिस्ट्री बघितली. काही वर आलं नाही.

शिवमला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आरं काय केलंस हे! चालू कर. आत्ताच्या आत्ता चालू कर."

"तुझं काय जातंय?"

"तू चालू कर, एवढंच."

नाही केलं. त्याला कशाला एवढा पुळका? त्याची पण भाची बसते की काय तिथं?

७ मार्च

प्रियाचे नऊ मिस्ड कॉल. उचलले नाहीत. मग मेसेज. दादा पासवर्ड दे, पाया पडते. मग, दादा आईला टाइप करता येत नाही, ती चित्रं बघून लावायची, आता यादीच गेली. मग, तुला काय पाहिजे ते सांग.

मी लिहिलं, आबांना मागू दे. आबांनी स्वतः फोन करावा, स्वतःच्या तोंडानं पासवर्ड मागावा, लगेच देतो.

दिसत होतं की ती लिहितेय. बराच वेळ दिसत होतं.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

सकाळी कपडे धूत होतो. फोन वाजला. आबांचा नंबर. साबणाच्या हातानंच उचलला. मनात म्हटलं, जिंकलो.

"बोला आबा."

काही नाही. श्वास ऐकू येत होता.

"बोला की. पासवर्ड पाहिजे ना?"

प. प. मग नुसता घशातला आवाज, जड काहीतरी ओढत आणल्यासारखा. परत प. मला वाटलं रागानं बोलता येईना. मी म्हटलं, "बोलायचं नसलं तर फोन कशाला केला?" आणि ठेवला.

ठेवला मी.

शिवम दोरीवर कपडे टाकत होता. तो माझ्याजवळ आला, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाला, "बस खाली. मी शपथ मोडतो. माझ्या आयनं घातलेली शपथ हाय, पण मोडतो."

अकरा जानेवारीला काटेवाडीला हळदीच्या घरी आबा पडदा बांधत होते. बांधता बांधता उजवा हात खाली आला आणि ते बसले. लोकांना वाटलं दमले. कुणीतरी माईक आणून दिला, आबा, दोन शब्द बोला. आबांनी माईक तोंडापाशी धरला आणि शब्दच आला नाही. लोक आधी हसले. गंमत करतात वाटलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तोंड वाकडं झालंय. बारामतीला नऊ दिवस दवाखान्यात होते. पाय सुधारला. हात थोडा. बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं सगळं, शब्द सापडत नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू पळत गेला असतास," शिवम म्हणाला. "सुट्टीवरनं आल्यावर वरीस भरायच्या आत गेलं की दोनी बाजूचं तिकीट पगारातनं कापत्यात, पुन्हा काम न्हाय. तुज्या आयनं सगळ्यांच्या पाया पडून सांगितलं, त्याला कळू देऊ नगा."

मी विचारलं, "आत्ता फोनवर..."

"ते बोलत हुते, विक्या."

१० मार्च

कामावर गेलो नाही. प्रियाशी बोललो. ती रागावली पण नाही, दमल्यासारखी बोलत होती.

बारामतीला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत. आठवड्यातून दोनदा न्यायचं, बाकीचे दिवस घरी सराव. मॅडम म्हणाल्या, पहिले सहा महिने सोन्याचे आहेत, जेवढं होईल ते यातच. आबांना फोनवरची ओठांची हालचाल बारीक दिसायची, ते फोन ढकलून द्यायचे. मग एक दिवस त्यांनीच डाव्या हातानं वायर दाखवली. मशीनची. प्रियानं जोडली, प्रोजेक्टर लावला, बारा फुटी पडद्यावर बाईचे ओठ आले, खिडकीएवढे. आबा पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि तसे ओठ करायला लागले. दुपारी प्रिया कॉलेजात, तिचा फोन तिच्याबरोबर. आई रिमोट धरून बसायची. तिला वाचता येत नाही. पहिलं फुग्याचं चित्र, दुसरं लाल साडीतली बाई, असं तिनं पाठ केलेलं.

"क म्हणायला लागले होते," प्रिया म्हणाली. "अठरा दिवस लागले क ला."

"पासवर्ड देतो. लिहून घे."

"आता काय करू त्याचं?"

मी पासवर्ड न देता फोन ठेवला म्हणून काल तिनं स्वतःचं खातं घालून बघितलं होतं. मशीन म्हणालं आधी अपडेट करा. तिनं दाबलं. बंद करू नका असं पडद्यावर आलं, आणि साठ टक्क्यांवर असताना लाइट गेली. आता मशीन चालू होतं, कंपनीचं नाव येतं आणि तिथंच थांबतं. डिस्क पण बाहेर देत नाही.

"आबा काय करतात?"

"सकाळी जाऊन त्या पडद्यापुढं बसतात. पांढऱ्या."

१६ मार्च, रविवार

सहा दिवस हेच केलं. इथला एक गुजराती इलेक्ट्रिशियन म्हणाला, पेनड्राइव्हवर अपडेट भरून मशीनला लावलं तर कधी कधी जिवंत होतं. मी शोधलं, प्रियाला पाठवलं, तिनं भरलं. दोघं फोनवर. मी म्हणायचो, लाल दिवा? ती म्हणायची, लाल. आता? लाल. तीनदा केलं. मशीन बारामतीच्या दुरुस्तीवाल्याकडं नेलं. तो म्हणाला आतला बोर्ड मिळत नाही, हे मॉडेलच बंद झालं.

मी म्हटलं नवीन मशीन घेऊ. प्रिया म्हणाली, आबांना विचारते. विचारलं. नको.

हा त्यांचा पहिला पूर्ण शब्द, असं तिनं सांगितलं. आनंदानं सांगत होती. मी पण बरं बरं म्हटलं.

३० मार्च, रविवार

मॅडमनी स्वतः मोबाइलवर आबांसाठी धडे बोलून दिले. प्रियानं इंदापूरच्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडून ते डिस्कवर भरून आणले. पाच डिस्का. माळ्यावरचा जुना डीव्हीडी काढला, त्याला नेटबिट काही नाही. एकेका डिस्कवर आईनं एकेका रंगाची टिकली लावलीय. हिरवी सकाळी, पिवळी दुपारी. आबा डाव्या हातानं डिस्क स्वतः आत घालतात.

चांगलं झालं. ते आता कुणी बंद करू शकत नाही.

पण चहाच्या सुट्टीत सवयीनं मी हिस्ट्री उघडतो. आधी घरात कधी काय लागलं ते मला कळायचं. आता कळत नाही. मी बघितलेलंच दिसतं.

१० एप्रिल

आज पगार. जयंतीला चार दिवस राहिले. माईकवर यंदा विहारातला दुसरा माणूस बोलणार आहे, आबा पुढच्या रांगेत बसणार, असं आईनं सांगितलं. मग मी बोलव म्हणायच्या आधीच म्हणाली, "थांब, देते." आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

मी खूप बोललो. रोलर कसा बसवला ते सांगितलं. चुकलं म्हटलं. विहारापुढं जे बोललो ते पण, पासवर्डचं पण, फोन ठेवला ते पण. तिकडून श्वास. मध्ये एकदा फोनवर बोटानं टकटक केलं, ऐकतोय म्हणून.

शेवटी विचारलं, "आबा, मी येऊ का?"

स्पष्ट आलं, "नको."

आईनं फोन घेतला. म्हणाली, "ऐकलंस? त्यांनी पण सांगितलं. तू तिकडंच ऱ्हा, वरीस भर." मग प्रियानं फोन घेतला आणि बाजूला जाऊन हळू बोलली. "दादा, त्यांना सध्या तीनच शब्द येतात. पाणी, बस आणि नको. चहा पुढं केला तरी नको म्हणतात आणि मग बशी ओढून घेतात. मॅडम म्हणतात, मनात व्हय असलं तरी तोंडाला जे सापडेल ते येतं."

"मग आत्ता मनात काय होतं?"

"मला काय माहीत? तू त्यांचं तोंड बघायला पाहिजे होतंस."

शिवमला विचारलं. तो म्हणाला, "माझं इचारशील तर तू रागीट हायस आणि म्हातारा बी रागीट हाय. समोर असल्याबिगर तुमचं जमायचं न्हाय."

सुपरवायझरकडं जाऊन आलो. दोन्ही तिकिटं कापणार, पुढच्या उभारणीला बोलावणार नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हटलं. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या विमानात जागा मिळेल. घरी सांगितलं तर आई शिवमच्या आईला परत शपथा घालायला लावेल, म्हणून सांगत नाही. आईनं विचारलं तर म्हणेन, ओव्हरटाइम बंद झाला. एरवी बावीस जातात. या महिन्याला तिकिटांचे बाजूला ठेवून नऊ हजार पाठवतोय.